कॅबिनेटला लावलेलं गंध

एसएमपीएस घेताना तो आधी हातात धरून त्याचं वजन बघायचं, हे मला चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरच्या एका दुकानदाराने पहिल्याच फेरीत सांगितलं होतं. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मागच्या बाजूला बसवलेला पत्र्याचा डबा. भिंतीतली वीज आत घेऊन तो बाकीच्या सगळ्या भागांना वाटून देतो. जड असेल तर आत माल आहे, हलका असेल तर नुसतं स्टिकर. मी मान डोलावली आणि हलकाच घेतला. त्या हलक्या डब्यापायी पुढे एका म्हाताऱ्या माणसाला स्वतःचं घर सोडावं लागलं. मध्ये बरंच काही घडलं, पण थोडक्यात सांगायचं तर एवढंच.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. मी कोल्हापूरहून चेन्नईला गाड्यांच्या एका कारखान्यात डिझाइनच्या कामाला आलो होतो आणि लग्न करून तिथलाच झालो. बायको तंजावरच्या मराठी घरातली. तिचे पूर्वज कधी काळी इकडे आले ते आलेच. तिला मराठीपेक्षा तमिळ जवळची, आणि भांडताना इंग्रजी. वडिलांना ती अप्पा म्हणायची, म्हणून मीही अप्पाच म्हणायचो. आम्ही राहायचो त्यांच्याच घरात, तिरुवल्लिकेणी या जुन्या वस्तीतल्या एका बोळात. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खाली एक लांबट हॉल. कोल्हापूरचे मित्र फोनवर घरजावई म्हणून चिडवायचे. मी चिडायचो, म्हणून आणखी चिडवायचे.

खालच्या हॉलमध्ये एकेकाळी अप्पांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. तीसेक वर्षं त्यांनी तिथल्या पोरापोरींना इंग्रजी आणि तमिळ टायपिंग शिकवलं. मग कॉम्प्युटर आले, शिकायला येणारे आटले, मशीनं एकेक करून विकली गेली. मी आलो तेव्हा लांब बाकं आणि दोन मशीनं उरली होती. अप्पा ती दर रविवारी तेल देऊन पुसायचे. रोज पहाटे मरीनाच्या किनाऱ्यावर फिरायला जायचे, येताना देवळाच्या तळ्याशी बसून पेपर वाचायचे, मग हॉलच्या दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायचे. अर्धं तिरुवल्लिकेणी त्यांच्याकडे टायपिंग शिकलेलं, त्यामुळे हात पुष्कळदा करावा लागायचा. सासूबाई आमच्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं, मुलगी तमिळमध्ये उत्तर द्यायची. मी आलो आणि अप्पांची जीभ सुटली. त्यांचं मराठी जुन्या दस्तऐवजातल्यासारखं, मध्येमध्ये तमिळ शब्द पेरलेलं, आणि हेलही तमिळच. सुरुवातीला मला निम्मं कळायचं नाही. तरी संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरलो की मी आधी वर न जाता हॉलमध्येच बसायचो. त्या शहरात माझं म्हणावं असं माणूस बायकोखालोखाल तेच होते.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, शहराच्या पार टोकाला तांबरमला फ्लॅटमध्ये राहायचा. अप्पांनी आता तिकडे यावं असं त्याचं म्हणणं. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडायचो ते संध्याकाळी सातला परत. त्याची बायको दिवसभर घरी. म्हणणं काही खोटं नव्हतं. त्यातच एकदा अप्पा दूध गॅसवर ठेवून तसेच तळ्याकडे निघून गेले. पातेलं जळून कोळसा झालं, धूर बघून शेजारीण धावली. मेहुण्याने दुसऱ्याच दिवशी येऊन हट्ट धरला.

"पातेलें जळलें, घर नव्हे," अप्पा म्हणाले. "हें सोडून मी कोठें जाऊं?"

शेवटी बायकोने तोडगा काढला. दसऱ्यापर्यंत बघू. तोवर परत असं काही झालं नाही तर अप्पा इथेच राहतील आणि हा विषय बंद. अप्पांवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

आणि माझी नजर होती ग्राफिक्स कार्डांवर.

कॉम्प्युटर असेंबल करण्यातला जाणकार अशी ऑफिसात माझी ख्याती होती. कुणालाही नवीन मशीन घ्यायचं असलं की माझ्या टेबलाशी यायचा आणि मी डॉक्टरने नाडी बघावी तसा चेहरा करायचो. काय वापरणार? गेम खेळणार की नुसत्या मेल? मग ड्रॉइंगच्या रद्दी कागदाच्या पाठीवर मी यादी करून द्यायचो. स्वतःची यादी मात्र वर्षभर संपेना. प्रोसेसर ठरवला की त्याला चालणारा मदरबोर्ड बदलायचा, मदरबोर्ड ठरला की रॅमचा प्रकार बदलायचा. दर शनिवारी रिची स्ट्रीटला चक्कर. एवढीशी गल्ली, दोन्ही बाजूंनी दुकानं, जिन्याखालीसुद्धा दुकान, आणि प्रत्येकाच्या तोंडी वेगळा भाव. मला ती गल्ली अतिशय आवडायची. आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लावणाऱ्या जागा जगात फार नसतात, माझ्यासाठी ती एक होती.

पैसे घालायचे ते दिसणाऱ्या गोष्टींत, असं माझं शास्त्र होतं. कार्डाने गेममधलं पाणी पाण्यासारखं दिसतं. प्रोसेसरचं नाव चारचौघांत घेता येतं. एसएमपीएसचं नाव कोण कुणाला सांगतो? म्हणून तिथे मी हात आखडता घेतला.

अखेर सगळे भाग आले आणि एका रविवारी मी अप्पांच्या बाकावर ते मांडले. अप्पा चष्मा लावून शेजारी उभे. कुठला भाग काय करतो ते विचारत होते आणि लक्षातही ठेवत होते. प्रोसेसरवर पंखा बसवण्याआधी मी ट्यूबमधली पांढरी पेस्ट त्यावर लावली, तसे ते खूष झाले.

"हें तर गंधच लावलेंत!"

उष्णता खेचून घ्यायला लावतात, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग आपल्या मशीनांच्या गोष्टी निघाल्या. नवरात्रात नवमीला ते प्रत्येक टाइपरायटरला गंध-कुंकू लावायचे, आणि मुलांनाही लावायला शिकवायचे. "गंध लावायचें तें पत्र्यास. कळांस नव्हे, फितीस नव्हे. एवढ्या वर्षांत एक कळ अडकली नाहीं." हे त्यांचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. आठवायला नको होतं, पण आठवतं.

पुढे काही महिन्यांनी मला बोनस मिळाला आणि मी कार्ड बदलायला गेलो. आधीच्या दुप्पट ताकदीचं हवं होतं. दुकानदार तोच. त्याने मला ओळखलं आणि विचारलं, एसएमपीएस कुठला आहे? मी सांगितलं. त्याने दोन बोटं लांब धरली आणि मग जवळ आणली.

"सार, कार्ड पेरिसु. एसएमपीएस चिन्नदु."

कार्ड मोठं, एसएमपीएस छोटा. एवढं तमिळ मलाही कळत होतं. पण मला वाटलं, हा आणखी एक वस्तू गळ्यात मारतोय. मी यादी करून देणारा माणूस, मला हा शिकवणार! मी फक्त कार्ड घेऊन आलो.

गेम तर असा दिसायला लागला की बस. पण जरा मोठी लढाई सुरू झाली, पडद्यावर गर्दी झाली, की मशीन आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. मी ते चेन्नईच्या उकाड्यावर ढकललं. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून टाकलं आणि टेबलफॅन लावून ठेवला. दुसऱ्या कुणाचं मशीन असतं तर मी पहिल्या मिनिटात सांगितलं असतं की एसएमपीएस पुरत नाही. स्वतःच्या बाबतीत मी आंधळा नव्हतो, डोळे मिटून बसलो होतो.

नवमी आली. त्या दिवशी चेन्नईत कारखान्यापासून रिक्षापर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा असते. आमच्या कारखान्यातही मोठमोठ्या प्रेसना गंध-कुंकू लागलं, फाटकाशी कोहळा फोडला, चुरमुऱ्यांच्या पुड्या वाटल्या आणि दुपारी एकला सुट्टी झाली. मी घरी आलो. मेहुणा आणि त्याची बायको त्या दिवशी आमच्याकडे जेवायला यायची होती, वर बायको स्वयंपाकात होती. हॉलमध्ये दोन्ही टाइपरायटर पुसून, गंध लावून, फुलं वाहून ठेवलेले. आणि त्यांच्या ओळीत माझा कॉम्प्युटर. समोरच्या पत्र्यावर गंधाची तीन बोटं, मध्ये कुंकू. झाकण नव्हतं त्या बाजूला वरच्या कडेवरही एक टिकली.

"आज चालवूं नका," अप्पा म्हणाले. "आज त्यांस विसावा. उद्यां दशमीस सुरू करा."

मी हसलो आणि म्हणालो, पाचच मिनिटं. आदल्या दिवशी अडलेली एक पातळी डोक्यात घोळत होती. अप्पा पुन्हा काही म्हणाले नाहीत. जावयाला दोनदा सांगायची त्यांची रीत नव्हती. मी बटण दाबलं, गेम सुरू केला, आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मागून फटाक्यासारखा आवाज आला. पडदा काळा. जळकट वास.

मी कॅबिनेटकडे पाहिलं आणि मला दिसलं ते गंध.

त्यानंतर मी जे बोललो ते इथे सगळं लिहीत नाही, लाज वाटते. "तुम्हाला कळतं का काही? विजेच्या वस्तूला ओलं गंध फासून ठेवलंत!" हे त्यातलं त्यातल्या त्यात सौम्य. आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण मेहुणा नेमका तेव्हाच बोळात शिरत होता, तो धावतच आत आला. बायको जिन्यावरून खाली आली, हात पिठाचे.

"मी पत्र्यासच लावलें," अप्पा म्हणाले. एकदा म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. मी या विषयातला जाणकार, हे त्यांनीच येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगितलेलं. त्यांचा चेहरा बदलत गेला. "बोट आंत गेलें असेल कां?" त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं आणि आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"पोदुम, अप्पा," मेहुणा म्हणाला. पुरे. तो ओरडला नाही, उलट फार हळू बोलला. आधी दूध, आता हे. उद्या शॉक बसला तर? बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं अशी तिची अपेक्षा होती. मी वायर काढत होतो. जेवण झालं. हात धुताना अप्पाच मुलाला म्हणाले की दिवाळीच्या आधी न्यायला ये.

दोन दिवसांनी मी कॅबिनेट उचलून रिची स्ट्रीटला गेलो. दुरुस्ती करणारा पन्नाशीचा गृहस्थ होता, एका जिन्याच्या वळणावर त्याचं टेबल. त्याने आधी एसएमपीएसला नाक लावलं, मग स्क्रू काढून तो उघडला. आत काजळी, गोळीएवढे भाग फुगून फुटलेले. तो हातावर तोलून त्याने मला दाखवला. किती हलका आहे बघा. एसएमपीएस जळताना मदरबोर्डही जाळून गेला होता. मी विचारलं, आणि हे गंध? त्याने पत्र्यावरची टिकली नखाने खरवडली, पावडर उडाली. आत सगळीकडे बॅटरीचा झोत टाकून पाहिलं. कुठे थेंब नाही, डाग नाही.

"इदु सामी," तो हसून म्हणाला. "इदु ओण्णुम पण्णादु."

हा देव आहे, हा काही करत नाही.

परत येताना रिक्षात मी काय काय बोलायचं ते ठरवत होतो. घरात शिरलो तर बायको जिन्यातच उभी. अप्पा हॉलमध्ये दाराशी नेहमीच्या खुर्चीत, पाठमोरे. तिने हळूच विचारलं, "अप्पांमुळेच झालं ना?"

एका शब्दाचं काम होतं. नाही, एवढंच. पण त्या 'नाही'च्या मागून बाकीचं सगळं यायला लागलं असतं. दुकानदाराने दोनदा सांगितलेलं, मशीन महिनाभर बंद पडत असलेलं, मेहुण्यासमोर मी घातलेला तमाशा. मी म्हणालो, "ओलावा गेला असणार आत." म्हणालो आणि वर गेलो. अप्पांची पाठ हलली नाही. त्यांना ऐकू गेलं की नाही, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही.

मी स्वतःची समजूत घालायचो की त्यांनी कधी ना कधी जायचंच होतं, की तांबरमला त्यांची काळजी घेतली जाईल. अप्पा गेल्यावर हॉल पूर्ण माझा झाला. त्यासाठी मी गप्प बसलो नव्हतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मी असतो ऐकणारा, तर माझा विश्वास बसला नसता. जाताना त्यांनी एक ट्रंक आणि एक पिशवी घेतली. मशीनं इथेच राहू द्या म्हणाले, तिथे जागा नाही. बोळातले दोघेतिघे जुने विद्यार्थी निरोपाला आले होते. त्यांना अप्पा तमिळमध्ये सांगत होते की मुलाने फार आग्रह केला, म्हणून जातोय.

मी नवा एसएमपीएस आणला, वीट उचलावी इतका जड. नवा मदरबोर्ड घातला. आता मशीन कधीच बंद पडेना. मी खेळायला बसायचो आणि अर्ध्या तासात उठायचो. मित्रांना वाटलं, लग्नाने शहाणा झाला.

दिवाळीला तांबरमला गेलो तेव्हा अप्पा मला वाळल्यासारखे दिसले. फ्लॅट स्वच्छ, सून चांगली, जेवण वेळेवर. पण ते एका खाटेवर बसलेले, आणि उठण्याआधी सुनेकडे बघायचे. चला अप्पा, आपण चहा करू, असं मी म्हणालो, तर मेहुणा कौतुकाने म्हणाला, "अप्पा आता स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकत नाहीत. स्वतःहूनच. फार समजून घेतलं त्यांनी." मी एकटाच चहा करायला उठलो.

संक्रांतीला, म्हणजे तिकडच्या पोंगलला, पुन्हा निघालो. एग्मोरहून तांबरमच्या गाडीत बसायला जागा मिळाली होती. गिंडी गेलं आणि मी बायकोला सगळं सांगितलं. एसएमपीएस, दुकानदार, जिन्यातलं माझं उत्तर. ती खिडकीकडून माझ्याकडे वळली.

"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. मराठीत म्हणाली. "अप्पांना सांग. आणि त्यांना घरी घेऊन ये."

जेवणं झाल्यावर मेहुणा आणि त्याची बायको शेजाऱ्यांकडे गोड द्यायला गेली. माझी बायको मुद्दाम गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी अप्पांच्या खोलीत गेलो, खाटेसमोर स्टूल ओढलं आणि बोलायला लागलो. आधीच ठरवलं होतं, काही गाळायचं नाही. हलका डबा, दोनदा मिळालेला सल्ला, आधीपासून बंद पडणारं मशीन, फुगलेले भाग, कोरडं गंध. "तुम्ही पत्र्यालाच लावलं होतं, अप्पा. तुमचं बोट कुठेही गेलं नव्हतं. चूक माझी होती, आणि हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. तरी मी खापर तुमच्यावर राहू दिलं. आज आमच्याबरोबर घरी चला."

ते नीट ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माझें मन राखावयास सांगतां," ते म्हणाले. "तुमचें मन मोठें आहे. मला तें पहिल्यापासून ठाऊक."

"मन राखायला नाही, अप्पा. खरं आहे. दुरुस्तीवाल्याकडे चला, तो सांगेल."

"सरी, सरी." बरं, बरं, अशी लहान मुलाची समजूत काढावी तसे ते म्हणाले. "आणि दूध? तेंही तुमच्या हलक्या डब्यानेंच जाळलें कां?" आणि हसले. त्यात टोमणा नव्हता, तेच मला सोसेना. "वय झालें म्हणजे हात ऐकत नाहींत. येथें बरा आहें मी. कोणाचें कांहीं बिघडत नाहीं."

मी आणखी बोललो. आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं, गॅलरीतून बायको आत आली आणि तिनेही तमिळमध्ये तेच सांगितलं. जितकं सांगावं तितके ते आमच्या चांगुलपणावर खूष होत गेले. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी माझा शब्द खरा मानला होता आणि तो आता त्यांच्या मनातून काढणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

खोलीत उकडत होतं. अप्पांनी पंच्याने मान पुसली, कपाळ पुसलं. पंख्याचं बटण त्यांच्या उशाशीच होतं, हात जरा लांबवला असता तर पोचला असता.

"तेवढा फॅन लावतां?" ते मला म्हणाले. "मी बटणास हात लावीत नाहीं आतां."

मी उठलो आणि पंखा लावला.